फोटोत नसलेल्या बाया

(लोहारा, जि. यवतमाळ येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मागच्या बैठकीत मी म्हटले होते, घरात गिरणीचा, जिनाचा जुना फोटो असेल तर घेऊन या. सात फोटो आले. त्यातला एक इथे टेबलावर ठेवला आहे. पुढे येऊन बघा, पण जपून, कडा सुटल्या आहेत.

फोटो विदर्भातल्या एका कापड गिरणीचा. खुर्च्यांवर साहेब, गळ्यात हार. मागे तीन रांगांत टोपीवाले, फेटेवाले कामगार. मी मोजले, त्रेसष्ट पुरुष. बाई एकही नाही. फोटो आणणाऱ्या मावशी म्हणाल्या, "माही सासू याच गिरणीत होती. बावीस वर्षं कांड्या भरल्या तिनं. सासरा हाये, थो पाहा दुसऱ्या रांगेत. थे नाही." मग त्या दिवशी सासू कुठे होती? आत, खात्यात. फोटोसाठी बायांचे काम थांबवले नव्हते.

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला 'कामगार कल्याण' विषय होता. त्यात नागपूरची एम्प्रेस मिल हटकून यायची. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ ला सुरू केली, १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला. त्या काळात ही मोठी गोष्ट होती, ती नाकारायचे कारण नाही. पण 'कामगार' म्हटले की माझ्याही डोळ्यांपुढे पुरुषच यायचा. परीक्षेत मी पानेच्या पाने लिहिली, बाईचा उल्लेख एकदाही केला नाही!

बाया होत्या वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत. साच्यावर पुरुष, आणि पगार साच्यावर जास्त. साचाही सगळ्या पुरुषांसाठी खुला नव्हता. मुंबईत धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली दलित कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी तो प्रश्न लावून धरला. तेव्हा फोटोत कोण, हे बघताना कोण कुठल्या खात्यातला, हेही विचारायला हवे.

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचांतली एक कामगार बाई होती. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात आणि १९३० मध्ये आपल्या मध्य प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला. पुढे बायांची संख्या घटतच गेली. भत्ता द्यायचा, रात्रपाळीला बोलवायचे नाही, त्यापेक्षा बाईच नको, असा मालकांचा हिशेब.

बाया फोटोत नाहीत म्हणून गप्प होत्या असे मात्र समजू नका. नागपूरच्या गिरणी कामगार राधाबाई कांबळे यांनी १९२९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनपुढे साक्ष दिली. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिला परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. गिरण्यांत, विडी कारखान्यांत राबणाऱ्या बायांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा हवी, दुखापतीची भरपाई हवी, गिरण्यांत बायांवर बाईच सुपरवायझर हवी, असे ठराव तिथे झाले. सुपरवायझर बाईच का, हे इथे बसलेल्या कुणालाही समजावून सांगावे लागणार नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ मध्ये आले नसते, तर यातले किती आपल्यापर्यंत पोचले असते?

मावशींच्या सासूचे पुढे काय झाले? गिरणी बंद पडली. थकबाकीसाठी अर्ज करायचा तर कागद हवा. सासऱ्याकडे पास होता, फोटोही होता. सासू बदलीवर होती. तिच्याकडे खोकला होता. तिचा अर्ज कुणी घेतलाच नाही.

आता तुमच्याकडे येते. हंगामात तुमच्यातल्या किती जणी जिनात कापूस निवडायला जातात? हात वर करा. आणि हजेरी कार्ड कुणाकुणाकडे आहे? ... बघा. नावे ठेकेदाराच्या डायरीत, आणि डायरी ठेकेदाराच्या खिशात.

गेल्या आठवड्यात आम्ही अकरा जणींनी एका जिनाच्या फाटकासमोर फोटो काढला. डोक्याला फडके, केसांत सरकी, होतो तशाच. वॉचमन हटकायला आला, त्याला म्हटले, रस्ता सरकारचा आहे. फोटो धुऊन आल्यावर मागे तारीख घातली, कोण कधीपासून येते ते लिहिले, नावे लिहिली. एकीने विचारले, "ताई, नवऱ्याचं नाव लावू का?" त्यावर बराच वाद झाला. शेवटी सहा जणींनी लावले, पाच जणींनी नाही.