शाळेच्या फाटकावर सगळ्यांना एकच प्रश्न

(पालक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांच्या मेळाव्यात एका निवृत्त मुख्याध्यापिकेने केलेले भाषण)



मला विषय दिला आहे ‘शाळेची सुरक्षा आणि बाहेरून येणारी माणसं’. मी ३४ वर्षं महापालिकेच्या उर्दू शाळेत शिकवलं. त्यातली शेवटची ९ वर्षं मुख्याध्यापिका होते. त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि फाटकावरचं जास्त बोलणार आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

आमच्या शाळेत तिसरीत एक मुलगी होती. आई-वडील वेगळे राहत होते, मुलगी आईकडे. एका मंगळवारी आई मला भेटायला आली. बुरख्यात होती. फाटकावरच्या रखवालदार मामांनी तिला अडवलं. तोंड दाखवा, आधार दाखवा, काम काय ते सांगा. चार माणसांसमोर ती काय सांगणार? चाळीस मिनिटं उन्हात उभी राहिली आणि परत गेली. मला कुणी कळवलंही नाही.

गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली. ‘मी हिचा चाचा, घरी दवाखान्याचं काम निघालंय’ म्हणाले. मामांनी सलाम ठोकला. वर्गशिक्षिकेने मुलीला विचारलं, ‘ये कौन है?’ मुलगी म्हणाली, ‘चाचा’. खरंच चाचा होते. मुलगी त्यांच्याबरोबर गेली.

शाळा सुटल्यावर आई आली. ‘आपा, मेरी बच्ची किधर है?’ मी काय म्हणाले माहीत आहे? ‘घरी गेली असेल, बघा जाऊन.’ ते वाक्य मला आजही टोचतं. संध्याकाळी मुलगी एसटी स्टँडवर सापडली. चाचा तिला परगावी न्यायला निघाले होते. तिला इजा झाली नाही, हे आमचं नशीब. त्यात आमची कर्तबगारी काही नव्हती.

आणि मंगळवारी आई कशासाठी आली होती? हेच सांगायला, की सासरच्या कुणाच्या हाती मुलगी देऊ नका. म्हणजे आमच्या फाटकाने काय केलं? जी खबर घेऊन आली होती तिला परत पाठवलं आणि ज्याच्याबद्दल खबर होती त्याला सलाम करून आत घेतलं. मामांना मी दोष देत नाही. त्यांना आम्ही कसलाच नियम दिला नव्हता. नियम नसला की माणूस कपड्यांकडे बघतो.

म्हणून माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. फाटकावर प्रत्येकाला तेच प्रश्न विचारा: तुम्ही कोण, कुणाकडे आलात, कशासाठी? बुरखेवालीला हेच, सुटाबुटातल्या साहेबाला हेच, नगरसेवकाला हेच, नळ दुरुस्त करणाऱ्यालाही हेच.

आता कुणी म्हणेल, आपा, तुम्ही जुन्या गोष्टी सांगता, आता सगळीकडे कॅमेरे आलेत. तर ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूर आठवा. शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवून घ्यायला दिरंगाई झाली आणि २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. दुसऱ्याच दिवशी राज्य शासनाने निर्णय काढला. शाळांत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी-सावित्री समिती, सगळं त्यात आहे. चांगला निर्णय आहे. पण त्या घटनेत आरोपी कोण होता? कंत्राटावर लावलेला सफाई कर्मचारी. तो भिंतीवरून उडी मारून आला नव्हता. शाळेने दिलेल्या कामासाठी रोज फाटकातूनच आत येत होता.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत बहुतेक आरोपी मुलाच्या ओळखीचेच असतात, हे सरकारी आकडेवारी दर वर्षी सांगते. म्हणून ‘अनोळखी माणूस म्हणजे धोका आणि ओळखीचा म्हणजे सुरक्षित’ हे गणित डोक्यातून काढून टाका.

आणि कपड्यावरून, परिस्थितीवरून संशय घेतला की काय होतं? सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा स्वच्छतागृहात खून झाला. पोलिसांनी लगेच शाळेच्या बसचा कंडक्टर पकडला. गरीब माणूस. सगळ्यांना पटलं की हाच. पुढे तपास सीबीआयकडे गेला, तेव्हा त्यांनी त्याच शाळेतल्या अकरावीच्या एका विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं. २०१८ मध्ये न्यायालयाने कंडक्टरला दोषमुक्त केलं. नुसत्या नजरेने माणूस ओळखता येतो, या भ्रमाची किंमत त्या कंडक्टरच्या कुटुंबाने मोजली. आपल्या समाजाला हे वेगळं समजावून सांगायला नको. नाव ऐकून, दाढी बघून, बुरखा बघून आपल्याकडे कसं पाहिलं जातं ते आपण भोगतो. मग आपल्या शाळेच्या फाटकावर आपणच तसं वागायचं का?

आता त्या गुरुवारनंतर आम्ही काय केलं ते सांगते. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट, फाटक. महापालिकेच्या शाळा कशा असतात तुम्हाला माहीत आहे. एका इमारतीत सकाळी एक शाळा, दुपारी दुसरी, वरच्या मजल्यावर तिसरी. फाटक सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही. खिचडीची गाडी यायची म्हणून मागचं दार उघडायचं, ते दोन वाजेपर्यंत सताड उघडंच. आम्ही तिन्ही मुख्याध्यापक एकत्र बसलो. शाळेच्या वेळेत एकच फाटक उघडं राहील, मागचं दार गाडी आली की उघडायचं आणि गेली की बंद, आणि किल्ली कुणाकडे ते भिंतीवर लिहून लावायचं, असं ठरवलं. आग लागली, भूकंप झाला तर मागचं दार चटकन उघडता आलं पाहिजे, म्हणून दुसरी किल्ली ऑफिसात. शाळेला भिंत किंवा कुंपण हवं, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच आहे. तुमच्या शाळेची भिंत पडली असेल तर तुम्ही मेहरबानी मागत नाही आहात. लेखी मागा आणि पोच घ्या.

दुसरी गोष्ट, वही. नाव, फोन, कुणाकडे, काम, आत आल्याची वेळ आणि बाहेर गेल्याची वेळ. ओळखपत्र बघायचं आणि परत द्यायचं. आधारच्या झेरॉक्सचे गठ्ठे करून ठेवायचे नाहीत. आत येणाऱ्याच्या गळ्यात लाल फितीचा पास. पासाशिवाय मोठं माणूस व्हरांड्यात दिसलं की कुठल्याही शिक्षकाने थांबवून विचारायचं, ‘कुणाकडे आलात? चला, मी सोडते.’ आवाज न चढवता.

वही ठेवल्यावर पहिली परीक्षा आमचीच झाली. वह्यावाटपासाठी एक नगरसेवक आले, बरोबर आठ-दहा कार्यकर्ते आणि फोटोवाला. मामा माझ्याकडे धावत आले, ‘आपा, आता काय करू?’ मी वही घेऊन फाटकावर गेले. म्हटलं, साहेब, पहिली सही तुमची होऊ द्या म्हणजे बाकीचे आपोआप करतील. त्यांनी हसून सही केली. कार्यकर्ते बाहेर थांबले. त्या दिवसापासून मामांना कुणाला विचारायची भीती वाटली नाही.

तिसरी गोष्ट, मूल कुणाच्या हाती द्यायचं. प्रत्येक मुलाचं एक कार्ड केलं. त्यावर घेऊन जाणाऱ्या तिघांपर्यंत नावं, फोटो आणि फोन. नाव बदलायचं तर पालकाने स्वतः येऊन सही करायची. फोनवर सांगितलेलं चालणार नाही. आई-वडिलांत वाद असेल आणि न्यायालयाचा आदेश असेल, तर त्याची प्रत फाइलला. आदेश नसेल तर शाळेने न्यायाधीश व्हायचं नाही. पण मूल मधल्या वेळेत कुणाच्याही हाती देण्याआधी दुसऱ्या पालकाला फोन करायचा. तो एक फोन आम्ही केला असता, तर ती आई त्या संध्याकाळी रस्तोरस्ती फिरली नसती.

चौथी गोष्ट, बुरखा. याबद्दल दोन टोकांची मतं ऐकते. एक म्हणतं, बुरखेवालीला आत घेऊच नका. दुसरं म्हणतं, चेहरा बघणं म्हणजे अपमान. दोन्ही चूक. मूल न्यायला आलेल्या व्यक्तीचा चेहरा बघायलाच हवा, कारण बुरख्याखाली कोण आहे हे मुलाच्या जिवाशी निगडित आहे. पण तो रस्त्यावर, पुरुषांसमोर कशाला? फाटकाशेजारच्या खोलीत बाई शिक्षिका किंवा मदतनीस कार्डावरचा फोटो ताडून बघते. एका मिनिटाचं काम. आमच्याकडे एकाही आईने याला हरकत घेतली नाही. उलट, उन्हात उभं राहणं संपलं म्हणून बायका मला भेटायला जास्त येऊ लागल्या. तिथे एक बाकडं आणि पाण्याचा माठ ठेवला, तेही सुरक्षेचंच काम आहे. ज्या शाळेत आया निर्धास्त येतात, तिथल्या खबरा मुख्याध्यापिकेपर्यंत पोचतात.

पाचवी गोष्ट, आत काम करणारे. रंगारी, नळवाले, संगणक दुरुस्त करणारे यांची कामं शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी. कंत्राटदाराला सांगायचं, माणूस बदलला तर आधी नाव आणि पडताळणीचा कागद, मग प्रवेश. लहान मुलींच्या स्वच्छतागृहाकडे बाईच जाईल. कॅमेरे लावा, पण ते कुठे बघताहेत तेही बघा. मी एका शाळेत गेले होते, तिथला कॅमेरा कडुनिंबाचा शेंडा दाखवत होता. आणि चित्रण आठवड्यातून ठरलेल्या दिवशी कुणीतरी बसून पाहिलं पाहिजे, नाहीतर कॅमेरा फक्त घडून गेल्यावर उपयोगाचा.

शेवटची गोष्ट सगळ्यात जड आहे. मूल काही सांगतं तेव्हा आपण काय करतो? शाळा म्हणते, शाळेचं नाव जाईल. मोहल्ला म्हणतो, मुलीची इज्जत जाईल, आपसात मिटवा. भगिनींनो, हे मिटवायचा अधिकार कुणालाच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलीचं नाव बाहेर येऊ नये याचीही तरतूद कायद्यात आहे. पोलिसांकडे जायचा धीर होत नसेल तर १०९८ लावा. मुलांची ही हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत.

जाता जाता एक काम सांगते. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असायला हव्यात असं सांगितलं आहे. म्हणजे शाळेत तुमचं बहुमत आहे. पुढच्या बैठकीत हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. मागच्या दाराची किल्ली कुणाकडे असते? कंत्राटी माणसांची पडताळणी झाली का? तक्रारपेटी शेवटची कधी उघडली? आणि पुढच्या वेळी फाटकावर वहीत सही मागितली तर चिडू नका. ‘मला ओळखत नाही का?’ असं मामांना म्हणू नका. आधी सही करा.

ती तिसरीतली मुलगी आता मोठी झाली आहे, शिकते आहे. तिच्या आईशी माझी अधूनमधून भेट होते. मी तिची माफी मागितली आहे. ती म्हणाली, ‘आपा, उस दिन मेरी बात सुन लेते तो बस था.’

तिचं ते ऐकायला मला दोन दिवस उशीर झाला. तुम्हाला होऊ नये म्हणून हे सगळं बोलले.  इथेच थांबते.