समाजशास्त्र घेऊन काय होणार?
(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त बिद्री येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलगा वाणिज्य शाखेला गेला तर दुकानाचे हिशेब पाहील. मुलगी विज्ञान शाखेला गेली तर औषधनिर्माणशास्त्र घेईल. कला शाखेचे नाव निघाले की घरातील वडीलधारी मंडळी गप्प होतात. त्यातून एखाद्या मुलीने 'समाजशास्त्र घ्यायचे आहे' असे म्हटले, तर प्रश्न ठरलेला असतो : 'त्यात शिकायचे काय? समाज रोज दुकानात येतोच की!' आजच्या व्याख्यानाचा विषय हाच प्रश्न आहे.

समाज रोज दुकानात येतो, हे अगदी खरे आहे. कापडाच्या पेढीवर लग्नाचा बस्ता बांधायला एखादे कुटुंब येते, तेव्हा गादीवर बसलेल्या व्यापाऱ्याला त्या घराची सगळी रचना दोन तासांत कळते. नवरीच्या मामाचा आहेर कोणता, आत्याची साडी कोणत्या किमतीची, करवलीचा मान किती, कोणाचे नाव यादीतून राहिले आणि त्यावरून कोण रुसणार, हे सारे तेथे दिसते. मात्र संध्याकाळी दुकान बंद झाले की हे ज्ञानही कुलपात जाते. ते कोणी लिहून ठेवत नाही, दुसऱ्या गावच्या बस्त्याशी ताडून पाहत नाही आणि 'हे असेच का?' असेही विचारत नाही. नोंद ठेवणे, तुलना करणे आणि कारण शोधणे ही तीन कामे पद्धतशीरपणे केली की त्याला शास्त्राचे रूप येते.

दोन भावंडे

समाजशास्त्र आणि मानवशास्त्र ही दोन सख्खी भावंडे आहेत. समाजशास्त्र कुटुंब, जात, धर्म, शिक्षण, व्यापार, गाव आणि शहर यांच्या परस्परसंबंधांचा विचार करते. मानवशास्त्राचा आवाका आणखी विस्तृत आहे. माणसाची शरीररचना, त्याची उत्क्रांती, भाषा, चालीरीती आणि नातेसंबंध या सर्वांचा त्यात समावेश होतो. महाराष्ट्रात मानवशास्त्र पदवीस्तरावर फार थोड्या ठिकाणी शिकविले जाते. समाजशास्त्र मात्र कला शाखेच्या अनेक महाविद्यालयांत उपलब्ध आहे.

या विद्येला आपल्या प्रांतात मोठी परंपरा आहे. मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. १९२४ पासून त्याची धुरा डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी वाहिली. मालवणात जन्मलेल्या आणि केंब्रिजला शिकलेल्या या विद्वानाने भारतीय समाजशास्त्राची एक पिढीच घडविली. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी दोघांचा उल्लेख येथे आवश्यक आहे.

पहिल्या डॉ. इरावती कर्वे. मराठी वाचक त्यांना 'युगान्त'मुळे ओळखतात. परंतु त्या मुळात मानवशास्त्रज्ञ होत्या. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली एम. ए. केल्यानंतर १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण इतर वंशांहून वेगळी असते आणि त्यातून त्याचे बौद्धिक श्रेष्ठत्व दिसते, अशी तेथील त्यांच्या मार्गदर्शकांची धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्यांची मोजमापे घेतली आणि वंशानुसार असा फरक आढळत नाही, असा निष्कर्ष निर्भीडपणे मांडला. परदेशात शिकणाऱ्या एका तरुण मराठी मुलीने आपल्या गुरूंच्या मताविरुद्ध पुराव्याची बाजू घेतली. पुढे १९३९ पासून त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आयुष्यभर संशोधन केले. कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची त्यांनी पाहणी केली आणि आठवडी बाजारांवरही एक अभ्यासग्रंथ सहलेखिकेसमवेत सिद्ध केला. बाजाराच्या दिवशी कापडाचे गठ्ठे घेऊन गावोगाव हिंडणे हाही विद्यापीठीय अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे व्यापारी बांधवांनी लक्षात घ्यावे.

दुसरे डॉ. एम. एन. श्रीनिवास. १९४८ साली ते म्हैसूरजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले आणि त्यांनी तेथील जीवनाच्या तपशीलवार नोंदी केल्या. १९७० साली ते अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे असताना लावलेल्या आगीत त्या नोंदींवर अनेक वर्षे केलेले संस्कारित काम जळून गेले. तरीही त्यांनी आठवणींच्या आधारे त्या गावावर ग्रंथ लिहिला. तो १९७६ साली प्रसिद्ध झाला आणि आजही जगभर वाचला जातो. ज्या माणसांत मनापासून राहिले, ती माणसे कागद जळले तरी स्मरणात राहतात.

नात्याच्या शब्दांत दडलेला इतिहास

पदवीच्या वर्गात नातेसंबंध हा एक महत्त्वाचा घटक असतो. तो किती जवळचा आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जुन्या पिढीतील सून सासऱ्यांना 'मामंजी' आणि सासूला 'आत्याबाई' म्हणत असे. सासू ही आत्या कशी? दक्षिण महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची पद्धत होती. मामाची मुलगी भाच्याला दिली, की ती आपल्या आत्याच्याच घरी सून म्हणून जाते. पुढे परक्या घरात सोयरीक होऊ लागली, तरी शब्द तेच राहिले. इरावतीबाईंनी १९५३ सालच्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेव्यवस्थेचे प्रादेशिक विभाग मांडले. उत्तरेत नात्यात विवाह वर्ज्य, दक्षिणेत नात्यातला विवाह इष्ट आणि महाराष्ट्र या दोहोंच्या मधला, असे त्यांचे निरीक्षण आहे. कागलची पोर निपाणीला आणि चिकोडीची पोर कागलला देणाऱ्या या सीमाभागाला हे मधलेपण पुस्तकातून शिकावे लागत नाही. पण त्याचा अर्थ मात्र पुस्तकामुळे उलगडतो.

जैन म्हणजे केवळ व्यापारी?

समाजशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात दुर्खीम, मार्क्स आणि मॅक्स वेबर हे तीन पाश्चात्त्य विचारवंत हमखास येतात. यांपैकी वेबर यांनी भारतीय धर्मांवरील लेखनात जैन समाजाचाही विचार केला आहे. जमीन नांगरताना जीवहिंसा होते, म्हणून अहिंसेच्या व्रतामुळे जैन शेतीपासून दूर राहिले आणि व्यापाराकडे वळले, अशी त्यांची मांडणी होती. वेबर मोठे अभ्यासक होते. परंतु ते भारतात कधी आले नव्हते. शिरोळ, हातकणंगले, कागल, चिकोडी या भागातून त्यांनी एक फेरी मारली असती, तर पिढ्यान्पिढ्या नांगर धरणारे, ऊस लावणारे आणि तरीही चतुर्दशी पाळणारे हजारो जैन शेतकरी त्यांना भेटले असते.

बाहेरच्या माणसाने दुरून काढलेले चित्र अपुरे राहते. ते पुरे करण्यासाठी त्या समाजातील माणसाने शास्त्र शिकावे लागते. हे काम कोल्हापुरात झाले, याचा सर्वांना अभिमान वाटावा. डॉ. विलास आदिनाथ संगवे यांनी राजाराम महाविद्यालयात आणि पुढे शिवाजी विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन केले. जैन समाजाची सामाजिक पाहणी करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५९ साली प्रसिद्ध झाला. लोकसंख्या, पोटजाती, विवाह, स्त्रियांचे स्थान, आचारधर्म, चालीरीती अशा सर्व अंगांनी भारतातील जैन समाजाचा इतका समग्र विचार त्यापूर्वी क्वचितच झाला होता. जगात कोठेही जैन समाजाचा अभ्यास करू पाहणाऱ्याला आजही तो ग्रंथ हाताळावा लागतो. २०११ साली डॉ. संगवे यांचे निधन झाले. 'समाजशास्त्र घेऊन काय होणार?' असा प्रश्न त्यांच्या घरी कोणी विचारून त्यांना थांबविले असते, तर आपला समाज स्वतःच्याच ओळखीला मुकला असता.

आरसा

ओळख नेहमी सुखावणारीच असते, असे नाही. समाजशास्त्र स्तुतिपाठ गात नाही. ते आरसा दाखविते. म्हणून एक अप्रिय गोष्टही या मंगल प्रसंगी सांगणे प्राप्त आहे.

२००१ सालच्या जनगणनेत प्रथमच धर्मनिहाय साक्षरतेचे सविस्तर आकडे प्रसिद्ध झाले. जैन समाजाची साक्षरता ९४ टक्क्यांहून अधिक निघाली. देशातील प्रमुख धर्मसमुदायांत हे प्रमाण सर्वांत जास्त होते. त्या आकड्याचा उल्लेख अनेक व्यासपीठांवरून गौरवाने झाला. त्याच जनगणनेत आणखी एक आकडा होता. सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे देशात ९२७ मुली होत्या. जैन समाजात मात्र केवळ ८७०. कोल्हापूर जिल्ह्याचा सर्व समाजांचा मिळून आकडा तर ८३९ होता. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारा, सूर्यास्तापूर्वी जेवणारा, देशातील सर्वांत साक्षर समाज. आणि त्याच्या पाळण्यात मुली कमी. गर्भलिंगनिदानाला प्रतिबंध करणारा कायदा तर १९९४ सालीच झालेला होता.

१९९५ ते २००१ या काळात जन्मलेली ती मुले-मुली आज विवाहाच्या वयात आहेत. वधू-वर मेळाव्यात मुलांचे परिचयपत्र वाचता वाचता निवेदक थकतो आणि मुलींची पाने लवकर संपतात. खेड्यातील शेतकरी मुलाला, लहान दुकानदाराच्या मुलाला मुलगी मिळत नाही, म्हणून आई-वडील हवालदिल आहेत. 'आजकालच्या मुलींच्या अपेक्षा वाढल्या' असे म्हणून हा विषय संपविला जातो. परंतु अपेक्षा किती आणि मुळातच न जन्मलेल्या मुली किती, शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलींपैकी परत किती आल्या, पोटजातीच्या अटीमुळे किती स्थळे फिरली, हे मोजल्याशिवाय कारण कळणार नाही आणि कारण कळल्याशिवाय उपाय सापडणार नाही. हे मोजण्याची शिस्त समाजशास्त्राचा पदवीचा विद्यार्थी शिकतो. प्रश्नावली कशी करावी, समोरच्याला न दुखावता मुलाखत कशी घ्यावी, शंभर घरांपैकी दहा घरे निवडताना पक्षपात कसा टाळावा, हे त्याला शिकविले जाते. स्वतःचे मत आणि हाती आलेला पुरावा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे हा त्यातील सर्वांत अवघड धडा. एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी पाहावे, हा अनेकांताचा संस्कार ज्यांच्या घरात आहे, त्या मुलांना हे जड जाऊ नये.

पोटापाण्याचे काय?

व्यवहाराचा प्रश्न टाळून चालणार नाही. केवळ पदवीच्या कागदावर नोकरी मिळण्याचे दिवस कोणत्याच शाखेत राहिलेले नाहीत. तरीही हे दोन्ही विषय केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत वैकल्पिक म्हणून घेता येतात. समाजकार्य, कायदा, पत्रकारिता, अध्यापन, ग्रामविकास आणि सार्वजनिक आरोग्य या क्षेत्रांचा पाया या विषयांनी पक्का होतो. बाजारपेठेची पाहणी करणाऱ्या कंपन्यांनाही ग्राहकाचे मन जाणणारी माणसे लागतात. पुढे एम. ए., संशोधन किंवा व्यावसायिक अभ्यासक्रम करावा लागेल, ही तयारी मात्र प्रारंभापासून ठेवावी. 'सोपा विषय' म्हणून तो घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

एक नम्र सूचना

१९०१ साली राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात जैन वसतिगृह उभे राहिले. खेड्यातील मुलगा शहरात राहून शिकावा, एवढा साधा हेतू त्यामागे होता. त्या पिढीने मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय केली. आजच्या पिढीने त्यापुढचे पाऊल टाकावे.

संस्थांच्या दप्तरांत किती मोठा ठेवा पडून असतो! देणगीच्या पावत्या, वार्षिक अहवाल, वधू-वर सूचीचे अर्ज, शिष्यवृत्तीच्या नोंदी. पन्नास वर्षांत कोणत्या गावची किती कुटुंबे शहरात गेली, शेती सोडून किती जण नोकरीत शिरले, मुलींचे शिक्षण कोणत्या वर्गापर्यंत पोहोचले, हे सारे त्या पिवळ्या पडलेल्या कागदांत आहे. दरवर्षी समाजशास्त्र शिकणाऱ्या एका तरी विद्यार्थ्याला अथवा विद्यार्थिनीला अल्पशी शिष्यवृत्ती द्यावी, हे दप्तर खुले करावे आणि त्यातून एक छोटा अहवाल लिहून घ्यावा. येथे बिद्रीतच दूधसाखर महाविद्यालय आहे, जवळ कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ आहे. मार्गदर्शक प्राध्यापकांचा शोध घेणे अवघड नाही. कोणाचेही खासगी नाव उघड होणार नाही, एवढी दक्षता मात्र कटाक्षाने घ्यावी. अहवालात अप्रिय काही निघाले, तर ते पान फाडू नये, ही विश्वस्तांना विशेष विनंती.

व्यापारी दिवाळीला वहीपूजन करतो. पूजेआधी तो जुन्या वहीचा ताळेबंद काढतो. येणे किती, देणे किती, बुडीत किती, हे स्वतःपासून लपवीत नाही. पन्नास वर्षांच्या वाटचालीनंतर समाजाच्या वहीचाही असा ताळेबंद निघावा. तो लिहिणारी मुलगी कदाचित आज याच सभागृहात मागच्या रांगेत बसलेली असेल. घरी गेल्यावर ती विषयाचे नाव सांगेल, तेव्हा तिचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे, एवढीच प्रार्थना.

जय जिनेंद्र.