मुले आणि मांजराचे पिल्लू
मांजराचे पिल्लू 2 ते 7 आठवड्यांचे असताना माणसांच्या हातांना लवकर सरावते. तरी 8 आठवडे ते आईजवळच असावे. किती जोराने चावायचे, हे ते भावंडांशी खेळतानाच शिकते. पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याच्या अंगात येते: पडद्यावर चढायचे, ओट्यावरचे लाटणे घरंगळवायचे, गृहपाठाच्या वहीवर ठाण मांडायचे. मुलांनी बोटे नाचवून त्याला खेळवू नये. बोट म्हणजे भक्ष्य, हीच सवय पुढे नडते. लोकरीचा गुंडा चित्रातच शोभतो, कारण गिळलेला धागा आतड्यात अडकतो. गाईचे दूधही अनेक पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात. ओरखडल्यास किंवा चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि लगेच डॉक्टरांना दाखवावी. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तिसऱ्या महिन्यात देतात.