जुना संगणक, नवं लिनक्स

जुन्या संगणकावर लिनक्स बसवताना काम मध्येच अडलं, तर यंत्र भंगारात काढायची घाई करू नका. आधी प्रोसेसर पाहा. तो ३२-बिट असेल, तर ६४-बिट प्रत त्यावर चालणारच नाही. उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराने ऑक्टोबर २०१७च्या आवृत्तीपासून ३२-बिट डेस्कटॉप प्रत देणं थांबवलं. डेबियन या दुसऱ्या प्रकाराच्या २०२३मधल्या बाराव्या आवृत्तीत मात्र ती मिळते, आणि जुन्या यंत्रांसाठी हा मोठाच आधार आहे. पडदा नुसता काळा राहिला, तर दोष बहुधा ग्राफिक्सचा असतो. बूटच्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडा, अनेकदा तेवढ्यावर भागतं. फाइली वाचताना संगणक चूक दाखवत असेल, तर डाउनलोडची चेकसम, म्हणजे फाइल नीट उतरल्याची खूण, जुळवा, मग मेमटेस्ट या प्रोग्रामने रॅम तपासा. मात्र हार्डडिस्कला हात लावण्यापूर्वी घरचे फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून ठेवाच.