भाऊ : थोरला की धाकटा?

दारात आलेल्या पाहुण्याने विचारलं, "हा कोण तुमचा?" तर आपण सहज सांगतो, "माझा भाऊ." चिनी माणसाला एवढ्यावर सुटता येत नाही. थोरला भाऊ तो 'गगे' आणि धाकटा तो 'दीदी'. हो, चिनी 'दीदी' हा धाकटा भाऊ बरं का! सगळ्या भावांविषयी एकत्र बोलायचं, तर 'श्योंगदी', म्हणजे थोरला आणि धाकटा असे दोन शब्द जोडूनच.

चुलत, आते, मामे, मावस हा हिशेब आपल्याला तोंडपाठ. चिनी भाषा तिथे दोनच वाटे करते. वडिलांच्या भावाची मुलं ती 'थांग', एका आडनावाची, एका वाड्यातली. आत्याची, मामाची, मावशीची ती 'ब्याओ', बाहेरच्या अंगाची. आत्या सख्खी, पण तिची मुलं बाहेरची! काका मात्र एका शब्दात भागत नाही. वडिलांहून मोठा तो 'बोबो', लहान तो 'शूशू'.

घराबाहेरही हीच रीत. शिक्षकाला म्हणतात 'लाओशी'. 'लाओ' म्हणजे म्हातारा, पण इथे तो मान आहे. बाई कालपरवा नोकरीला लागलेल्या असोत, मुलांना त्या लाओशीच. शिक्षकबंधूंना हे आवडावं.

हीच भाषा राज्यकारभारात शिरली म्हणजे काय होतं, पहा. १९४९ नंतरच्या वर्षांत चीनमध्ये सोव्हिएत रशियाला 'थोरले दादा' म्हणत. दादा म्हटलं की त्याचं ऐकणं आलं. पुढे बिनसलं, आणि मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीतल्या एका बेटावर दोघांचे सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते. आपणही त्याच १९५० च्या दशकात 'हिंदी-चिनी भाई भाई' म्हणत होतो. आपल्या 'भाई'त थोरला कोण, धाकटा कोण, हे येत नाही. पण ते ठरवून घेतलं असतं म्हणून १९६२ चं युद्ध टळलं असतं, असं मी म्हणणार नाही. भांडण हद्दीचं होतं, शब्दाचं नव्हे.

एक नातं मात्र चिनी लोकांनी निराळ्या रीतीने जोडलं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. पाचांनाही चिनी नावं मिळाली, आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच अक्षर होतं, 'हुआ', म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दीहुआ'. तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचं लग्न झालं. १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं 'यिनहुआ'. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला डॉक्टर वारले, तेव्हा यिनहुआ काही महिन्यांचा होता.