काळ्या कुत्र्याचा फोटो

आमच्या बडोद्याच्या घरी सध्या काळू राहतोय. रस्त्यावरून उचलून आणला तेव्हा पाय मोडलेला होता. आता बरा आहे, थोडा लंगडतो, आणि त्याला कायमचं घर हवंय. दत्तक घेणारे आधी बघतात तो फोटो, आणि काळ्या कुत्र्याचं तिथंच अडतं. भर उन्हात मोबाईलवर नुसता काळा डाग येतो. डोळे कुठं तेही कळत नाही.

म्हणून सकाळी ओट्यावरच्या सावलीत बसवा, तोंड उजेडाकडे. स्क्रीनवर त्याच्या डोळ्यावर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी वर सरकवा, चेहऱ्यावरचे केस सुटे दिसेपर्यंत. मागची भिंत पांढरीफटक झाली तर होऊ द्या. फ्लॅश नकोच. कुत्र्याच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे डोळे हिरवट चमकतात आणि बिचारा भुतासारखा दिसतो! तुम्हीही जमिनीवर बसा. वरून काढलेल्या फोटोत कुत्रा घाबरलेलाच वाटतो. लंगडणं मात्र लपवू नका. चालतानाचा छोटा व्हिडिओ जोडा, नाहीतर आठवड्यात परत येतो.

ओट्यावर बसायची सवय लागली की पक्षीही दिसतात. आमच्याकडे वायरीला जांभळ्या शिंजिराचं लोंबतं घरटं आहे. इथं नियम उलटा: जवळ जायचं नाही, पानं बाजूला करायची नाहीत. आडोसा गेला की कावळ्याला पिल्लं सापडतात. मादी चोचीत किडा धरून बाहेरच घुटमळत असेल, तर कॅमेरा उचला आणि आत जा.