गल्ल्यावरून नगराध्यक्षाच्या खुर्चीकडे

(गोंदिया येथे तरुण आणि छोट्या व्यापाऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे, 'हॉटेल व्यावसायिक ते महापौर'. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. गोंदियाला महापौर नाही. महापौर महानगरपालिकेत असतो. आपली नगरपरिषद आहे, तीही 'अ' वर्गाची, म्हणजे एक लाखाहून जास्त वस्तीच्या शहराची. तिच्या प्रमुखाला नगराध्यक्ष म्हणतात. महापौराला नगरसेवक आपल्यातून निवडतात आणि तो अडीच वर्षे राहतो. नगराध्यक्षाला मात्र साऱ्या शहराचे मतदार थेट निवडतात. २०१६ साली ही पद्धत परत आली, मधे ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. या थेट मतदानाचा आपल्याशी काय संबंध आहे, ते मी पुढे सांगणार आहे.

आता हॉटेलवाल्याकडे येऊ. आपल्याकडे हॉटेल म्हणजे चहा, आलूबोंडा, तर्री-पोहा, दुपारी जेवण. गोंदिया जंक्शन आहे. हावडा-मुंबई मार्गावरचे मोठे स्टेशन, इथूनच एक फाटा बल्लारशाहकडे जातो आणि एक जबलपूरकडे. तांदळाच्या गिरण्या, बिडीचा धंदा, तेंदूपत्त्याचा व्यापार. येणारा-जाणारा माणूस इथे जेवतोच. अशा शहरात गल्ल्यावर बसणाऱ्याला जे कळते ते पुष्कळदा नगरपरिषदेच्या फायलीत नसते. नळ किती वाजता येतो आणि किती वाजता जातो, हे त्याला रोज मोजावे लागते. घंटागाडी दोन दिवस आली नाही तर पहिला वास त्याच्या मागच्या दारी येतो. नाली तुंबली तर गिऱ्हाईक त्याचे तुटते. हमाल, रिक्षावाला, वकील, पोलीस, शाळेचे मास्तर, सगळे त्याच्याच बाकावर बसतात आणि त्याच्यासमोरच बोलतात. रात्री गल्ला मोजल्याशिवाय त्याला झोप येत नाही. शहर चालवायला लागणारे अर्धे शिक्षण त्याला धंद्यातच मिळते.

हे मी हवेत बोलत नाही. व्यापाऱ्याने पालिकेची खुर्ची सांभाळल्याचे उदाहरण गोंदियातच आहे. मनोहरभाई पटेल हॉटेलवाले नव्हते, बिडी-तंबाखूच्या धंद्यातले होते. जन्म १९०६ चा, मृत्यू १९७० चा. गुजराती घरातला माणूस, पण या गावाने त्यांना आपले मानले. ते गोंदिया नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, आमदार झाले. १९५८ मध्ये त्यांनी गोंदिया एज्युकेशन सोसायटी उभी केली. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीजण तिच्या महाविद्यालयांत शिकले, हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. पुढे त्यांचे चिरंजीव प्रफुल्ल पटेल १९८५ मध्ये इथलेच नगराध्यक्ष झाले, १९९१ मध्ये लोकसभेत गेले आणि नंतर केंद्रात मंत्री झाले. त्यांच्या राजकारणाशी तुम्ही सहमत असा किंवा नसा, मी त्याबद्दल बोलत नाही. मला दाखवायचे आहे ते एवढेच, की बाहेरून आलेल्या, संख्येने थोड्या असलेल्या समाजातला व्यापारी या शहराचा प्रमुख होऊ शकला. त्याला गावाने जात विचारून खुर्ची दिली नाही.

मग आपला प्रश्न असा, की आपल्या समाजातले इतके हॉटेलवाले, फळवाले, लाकूडवाले, गॅरेजवाले असताना आपली मजल नगरसेवकापर्यंतच का थांबते?

याचे एक कारण भेदभाव आहे. ते मी नाकारत नाही. तिकीट वाटताना काय बोलले जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण दुसरे कारण आपल्या हातात आहे. आपण नगरसेवक निवडतो तो मोहल्ल्याचा. तोही मोहल्ल्याचाच राहतो. कब्रस्तानची भिंत, शादीखाना, मशिदीसमोरचा दिवा. ही कामे गरजेची आहेत, ती झालीच पाहिजेत. पण शहराचा अर्थसंकल्प मांडला जातो त्या दिवशी तो गप्प असतो. पाणीपुरवठ्यावर, शाळांवर, कचऱ्याच्या ठेक्यावर त्याचे एक वाक्य इतिवृत्तात सापडत नाही. नगराध्यक्ष थेट निवडायचा असेल तर मत रामनगरचेही लागते, सिव्हिल लाइन्सचेही लागते. ज्याने पाच वर्षे फक्त एका गल्लीबद्दल तोंड उघडले त्याला बाकीचे शहर मत का देईल? बिगरमुस्लिम उमेदवाराला आपण हाच प्रश्न विचारतो ना? मग तो आपल्यालाही लागू आहे.

१९४२ साली मुंबईचे महापौर होते युसूफ मेहरअली. तेव्हा वय चाळिशीच्या आत. 'सायमन गो बॅक' ही घोषणा त्यांची, 'क्विट इंडिया' हे शब्दही त्यांचेच. तुरुंगात असतानाच त्यांचे नाव महापौरपदासाठी पुढे आले. त्यांना मुंबईने मुसलमानांचा महापौर म्हणून नव्हे, मुंबईचा महापौर म्हणून पाहिले, कारण ते आधीपासून कामगारांच्या, तरुणांच्या, साऱ्या शहराच्या लढ्यात होते. ऑगस्टमध्ये ते पुन्हा तुरुंगात गेले. तिथे हृदयविकाराचा झटका आला. खास उपचारांसाठी बाहेरच्या रुग्णालयात नेण्याची तयारी सरकारने दाखवली, तेव्हा त्यांनी आजारी असलेल्या आणखी दोन कैद्यांनाही तीच सोय मागितली. ती नाकारली गेली तेव्हा त्यांनी स्वतःसाठीही नको म्हटले. १९५० साली ते गेले.

आता नगराध्यक्षाला काय करता येते ते पाहू. 'अधिकार सगळे मुख्याधिकाऱ्याकडे, नगराध्यक्ष फक्त फीत कापतो,' असे पुष्कळजण म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. सभा नगराध्यक्ष बोलावतो, विषयपत्रिकेवर काय यायचे हे बरेचसे त्याच्यावर असते, ठराव त्याच्या अध्यक्षतेखाली होतात. एका ठरावात किती ताकद असते हे महाडला विचारा. सुरेंद्रनाथ टिपणीस महाडच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. तिथल्या पालिकेने चवदार तळे अस्पृश्यांसाठी खुले केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला. कागदावर हक्क मिळाला, पाणी मिळाले नाही. म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले. पुढे पालिकेने तो ठराव मागेही घेतला. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये परिषदेसाठी कुणी जागा देईना, तेव्हा जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमानाने. ठराव करणारा अध्यक्ष लागतो, तो अमलात आणणारे लोक लागतात, आणि अडचणीच्या वेळी आपली जागा उघडी करून देणारा शेजारीही लागतो.

आता थोडे कडू बोलतो. हॉटेलवाला खुर्चीवर बसला की त्याची पहिली परीक्षा त्याच्याच दुकानासमोर होते. भट्टी फुटपाथवर आहे का? शेड वाढवले आहे का? उरलेले तेल आणि पाणी कुठल्या नालीत जाते? आपल्या नगरपरिषद अधिनियमात, १९६५ च्या कायद्यात, स्वतः किंवा पती-पत्नीने किंवा आपल्यावर अवलंबून असलेल्याने बेकायदा बांधकाम केले तर सदस्यपद जाऊ शकते, अशी तरतूद आहे. नगरपरिषदेच्या ठेक्यात आपला हितसंबंध असेल तरीही अपात्रता येते. म्हणून ज्याला उभे राहायचे आहे त्याने फॉर्म भरण्याआधी टेप घेऊन आपले दुकान मोजावे, मालमत्ता कराच्या पावत्या काढाव्यात, अन्नपरवाना नूतनीकरण केला आहे का ते पाहावे. पद गेले की बातमी त्या माणसाची होत नाही, समाजाची होते.

आणि गाडीवाल्याचे काय? मोठा हॉटेलवाला पुष्कळदा समोरच्या पोहेवाल्याची गाडी हटवायला अर्ज करतो. नगराध्यक्ष झाल्यावर त्याला त्या गाडीवाल्याचाही न्याय करायचा आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो, की सर्वेक्षण झाल्याशिवाय, प्रमाणपत्रे दिल्याशिवाय विक्रेत्याला हटवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, तेही त्यांनी निवडलेले, असायला हवेत. न्यूयॉर्कचे नवे महापौर झोहरान ममदानी यांनी प्रचारात एक साधा प्रश्न धरला होता: रस्त्यावरच्या हलाल गाडीवरची प्लेट आठ डॉलरची दहा डॉलर का झाली? उत्तर परवान्यांच्या काळ्या बाजारात होते. परवाना दुसऱ्याच्या नावावर, भाडे गाडीवाल्याच्या माथी. हा प्रश्न मुसलमान गाडीवाल्याचा होता, तसाच दुपारी जेवणाऱ्या प्रत्येक न्यूयॉर्करचाही. म्हणून तो साऱ्या शहराचा झाला.

२०२२ पासून जवळपास चार वर्षे राज्यातल्या नगरपरिषदा प्रशासकाच्या हाती होत्या. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितले, डिसेंबरमध्ये मतदान झाले. त्या वर्षांत नळ आले नाहीत तर कुणाला विचारायचे, हे ठाऊक नव्हते. तेव्हा आपल्याला कळले की नगरसेवक कितीही कमकुवत असला तरी दार वाजवायला एक घर असते. त्या आरक्षणात आपल्याही बागवान, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा कष्टकरी बिरादऱ्या येतात. निम्म्या जागा बहिणींसाठी आहेत. त्या जागेवर बहीण बसली तर सभेत तिनेच बोलले पाहिजे. तिच्या नावावर नवऱ्याने किंवा भावाने सही केलेली मला चालणार नाही, तुम्हालाही चालू नये.

तरुणांना तीन कामे देतो. पहिले, नगरपरिषदेचा यंदाचा अर्थसंकल्प मिळवा. सहज मिळाला नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, शुल्क दहा रुपये आहे. दुसरे, मागच्या लेखापरीक्षणातले आक्षेप वाचा, एकेका नगरसेवकाकडे जाऊन विचारा की यावर सभेत काय झाले. तिसरे, आपल्या मोहल्ल्याबाहेरच्या एका प्रभागात जा, तिथल्या पाण्याची, नालीची, शाळेची यादी करा आणि तिथल्या लोकांसोबतच ती मुख्याधिकाऱ्यांना द्या. पाच वर्षांनी तुमच्यापैकी कुणी फॉर्म भरला, तर त्या प्रभागातला माणूस तुम्हाला नावाने ओळखेल.

हॉटेलवाल्या भाईंना एकच विनंती. तुमच्या गल्ल्यामागे देवाचे, पीराचे, पुढाऱ्याचे फोटो आहेत, असू द्या. त्यांच्या बाजूला या वर्षीच्या नगरपरिषदेच्या जमाखर्चाचे एक पान चिकटवा. चहा पिता पिता लोक ते वाचतील, आणि मग तुम्हाला विचारतील. उत्तर देता आले पाहिजे, म्हणून तुम्हालाही ते वाचावे लागेल.